शाळा बंद ठेवायची की उशिरा भरवायची? आधी साकव बघू या

पत्र असं आहे:

"बाई, मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत राहते. नवरा मुंबईला कामाला. घरी मी, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगी तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. वाटेत व्हाळ म्हणजे ओढा आहे, त्यावर साकव, लहानसा पायपूल. मुलगा नववीत, त्याची शाळा सकाळची, तो सव्वासहाच्या एसटीने जातो. जुलैत एकदा सुट्टीचा निरोप आला तेव्हा तो अर्ध्या वाटेत पोचला होता. दुसऱ्या दिवशीची सुट्टी आदल्या रात्रीच जाहीर झाली आणि दिवसभर ऊन पडलं. त्यानंतरच्या शनिवारी पाऊस वाढला म्हणून शाळा लवकर सोडली. मी धावत गेले तर मुलगी साकवाच्या पलीकडे पाण्याकडे बघत एकटी उभी. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी तिला घरीच ठेवते. या महिन्यात नऊ खाडे झाले. नवरा फोनवर म्हणतो, आम्ही गुडघाभर पाण्यातून जायचो, तू उगाच घाबरतेस. माझ्या वन्सं बॉस्टनजवळ राहतात. तिथे बर्फ पडला की पहाटेच फोनवर निरोप येतो, शाळा बंद किंवा दोन तास उशिरा. आपल्याकडे रेड अलर्ट आला की सरसकट शाळा बंद करावी, की पावसाळाभर उशिरा भरवावी? पालकांच्या सभेत मी काय मागू? आणि मी मुलीला घरी ठेवते ते चुकतंय का?"

त्या शनिवारी तुम्ही घाबरलात ते अगदी बरोबर होतं, हे आधी सांगते. मी याच किनाऱ्यावर एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. साकवापलीकडे उभं असलेलं पोर मी पाहिलेलं आहे. त्याच्यापाशी पोचेपर्यंत आपल्या पायात बळ राहत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. रेड अलर्टला सरसकट बंद हे मागू नका. पावसाळाभर उशिरा हेही मागू नका. तुमच्या व्हाळाचं पाणी बघून, त्या त्या सकाळी ठरणारी 'दोन तास उशिरा'ची सोय मागा. पण त्याच्याही आधी एक गोष्ट मागा आणि ती पदरात पडल्याशिवाय सभेतून उठू नका: पाऊस वाढला म्हणून शाळा मधेच सोडायची नाही.

रेड अलर्ट म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्याकडचा इशारा मुंबईत कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून येतो आणि तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला जोरदार म्हणतात, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. तेवढा पाऊस जिल्ह्यात काही ठिकाणी पडायची दाट शक्यता दिसली की लाल रंग लागतो. तो तुमच्याच वाडीवर पडेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं, आणि सकाळी सहाला पडेल की रात्री दहाला, हेही नसतं. आपला रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत उभा पसरलेला. मंडणगडला कोसळत असताना राजापुरात कपडे वाळत घालता येतात, हे तुम्ही त्या उन्हाच्या सुट्टीत पाहिलंच.

२६ जुलै २००५ आठवा. त्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरातल्या दोन वेधशाळा! मग नऊ तालुक्यांच्या जिल्ह्याला एक रंग कितीसा पुरणार? त्या दिवशीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. खरा पाऊस दुपारी सुरू झाला. सकाळी आभाळाकडे बघून शाळा बंद ठेवावी असं कुणालाही वाटलं नसतं. जी मुलं त्या रात्री शाळेतच राहिली त्यांच्या आयांचा जीव टांगणीला लागला होता, पण पोरं कोरडी आणि माणसांत होती. या गोष्टीकडे पुढे परत येते.

म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी देऊच नये असं माझं म्हणणं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला, तेव्हापासून जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच आहेत. नदीनं धोक्याची पातळी ओलांडली, घाटात दरडी आल्या, रस्ते तुटले, की संबंध जिल्ह्याला सुट्टी द्यावीच लागते, आणि ती द्यायची तर रात्री आठच्या आत द्यावी. सकाळी पावणेनऊला आलेल्या सुट्टीचा उपयोग काय? तोवर पोरं वाटेवर असतात, बाया लावणीला गेलेल्या असतात, घराला कुलूप असतं. असा उशिरा आलेला आदेश मी कितीदा तरी अनुभवलाय, आणि दर वेळी दहा-वीस मुलं शाळेत येऊन भिजलेली बसलेली असायची. तेव्हा माझा नियम ठरलेला होता. सुट्टी असो नसो, आलेल्या पोराला परत पाठवायचं नाही. अंग पुसायचं, गरम काहीतरी द्यायचं, पाणी बघायचं, मग सोडायचं. (जाता जाता: सुट्टीचा कागद फोनवर आला की आधी तारीख वाचा. मागच्या वर्षीचे आदेश दर पावसात नव्यानं फिरतात.)

तुमच्या वन्सं सांगतात ते खरं आहे. तिकडे शाळांचा प्रमुख अधिकारी पहाटे चार-पाचला उठून रस्ते साफ करणाऱ्यांशी बोलतो, बस फिरू शकेल का ते विचारतो आणि बस निघायच्या आत निर्णय कळवतो. दोन तास मिळाले की उजाडतं, नांगर लावलेल्या गाड्या बर्फ बाजूला सारतात, मीठ पसरतात. पण बंद ठेवलेला दिवस फुकट जात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात, बर्फापायी बुडालेले दिवस जूनमध्ये भरून काढतात. आपल्याकडेही कायद्याचं गणित आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. समजा पावसाळ्यात दहा दिवस शाळा दोन तास उशिरा भरली. वीस तास गेले, फार तर पाच दिवसांचं शिकवणं. तेच दहा दिवस बंद ठेवली तर दहाच्या दहा गेले.

एका बाबतीत तर उशिरा भरवणं त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त सोसतं. बर्फ पडला की कुणीतरी येऊन उपसेपर्यंत तिथेच असतो. आपला व्हाळ स्वतःच रिकामा होतो. सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर थोडं, उतार तीव्र. डोंगरात पडलेलं पाणी घटकाभरात साकवाखाली येतं आणि वर पाऊस थांबला की दोन-तीन तासांत निघूनही जातं. साडेसहाला साकवावरून वाहणारं पाणी साडेनवाला साकवाच्या हातभर खाली गेलेलं तुम्ही कितीदा पाहिलं असेल. शाळा दहाची असेल तर बाराला भरवा, शनिवारची सकाळची असेल तर साडेसातऐवजी साडेनवाला. बहुतेक दिवशी तेवढ्यानं भागतं.

पण खाडीकाठाला एक जोड लागते, भरतीची. व्हाळाचं पाणी खाडीत जातं, आणि खाडी भरलेली असली की ते तुंबतं. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशेब तुमच्या सासूबाईंना नक्की ठाऊक असेल, त्यांना विचारा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. अष्टमीची भरती भांगाची, लहान. पौर्णिमा-अमावास्येची उधाणाची, आणि ती येते नेमकी भर दुपारी. शनिवारची शाळा सुटते तेव्हा. पाऊस वाढला म्हणून गुरुजी पोरांना सोडतात तेव्हा. तुमची मुलगी साकवापलीकडे उभी होती त्या शनिवारची तिथी कालनिर्णयात काढून बघा. मला उत्तर कळवायची गरज नाही, पण तुम्हाला ते कळायला हवं.

आता मघाशी म्हटलं तिकडे येते, मधेच सोडण्याकडे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी दोनशिक्षकी शाळा होती, मुख्याध्यापक तालुक्याला सभेला गेलेले. अकरा वाजल्यापासून असा पाऊस लागला की पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. मला वाटलं, आणखी वाढायच्या आत पोरं घरी पोचलेली बरी. पाऊण वाजता मी घंटा दिली. पलीकडच्या वाडीची चार मुलं होती. थोरली चौथीतली, तिनं पहिलीतल्या भावाचा हात धरलेला. व्हाळापाशी पोचली तेव्हा पाणी साकवाच्या फळ्यांना नुसतं लागत होतं, वरून येत नव्हतं. ती निम्म्यावर असताना आलं. शेजारच्या कुणग्यात, भाताच्या खाचरात, लावणी चालली होती. इरलं टाकून एक शेतकरी धावला आणि त्यानं धाकट्याला दप्तराच्या पट्ट्याला धरून ओढून काढलं. थोरलीनं साकवाचा खांब धरून ठेवला होता. चारही पोरं वाचली. संध्याकाळी तो माणूस दप्तर घेऊन शाळेत आला, माझ्या टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, शाळेत होती तोवर बरी होती ना?" त्यानंतर माझ्या हातून पावसात लवकर घंटा झाली नाही. एकदाही नाही.

सकाळी पोरं घरी असतात, आई समोर असते, पाणी बघता येतं, थांबता येतं. मधेच सुटलेल्या पोराला यातलं काहीच नसतं. घरी कुणी वाट बघत नसतं, कारण सुटायची वेळ झालेली नसते. पुढे पाणी आणि मागे कुलूप लावलेली शाळा. म्हणून शाळा सुरू झाली की ती ठरल्या वेळेलाच सुटेल, आणि त्या वेळी पाणी वर असेल तर सुटणारच नाही, हे शाळेकडून लिहून घ्या. पालक स्वतः न्यायला आले तर वेगळी गोष्ट. त्यासाठी शाळेत काय लागतं? चार सतरंज्या, एक कंदील किंवा बॅटरी, पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ असतेच, आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई जवळपास राहणाऱ्या असल्या की झालं.

खिचडीवरून आठवलं. शाळा सरसकट बंद ठेवा म्हणणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही की काही मुलांचं दुपारचं पोटभर जेवण तेच असतं. जुलैत घरात आगोटीचं साठवणीचं संपत आलेलं असतं, मजुरी पावसावर, मासेमारी बंद. अशा घरातल्या पोराला सुट्टीचा दिवस उपाशी जातो. ऑनलाइन वर्ग भरवा हाही सल्ला कुणीतरी देईलच. न्यूयॉर्क शहरानं १३ फेब्रुवारी २०२४ ला बर्फासाठी तो प्रयोग केला, तर सकाळीच लॉगिन कोलमडलं आणि हजारो मुलं बाहेर ताटकळली. आपल्याकडे तर पहिल्या वाऱ्याला वीज जाते आणि पाठोपाठ टॉवर. तो विषय सोडून द्या.

तुमच्या नवऱ्याबद्दल. ते खोटं बोलत नाहीत, गुडघाभर पाण्यातून खरंच गेले असतील. पण त्यांना फोनवर एवढं विचारा, की तेव्हा तुम्ही किती जण असायचात? पंधरा-वीस पोरांचा घोळका असायचा, पुढे सातवीतले, मागे सातवीतले, बारकी मधे. दोन्ही बाजूंना शेतांत माणसं असायची, मी सांगितली तशी. आज त्याच वाटेवर तुमची मुलगी एकटी जाते, फार तर दोघी. कुणगे पडीक, घरं गणपतीला उघडणारी, हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. पाणी तेव्हाचंच आहे, पण त्याच्या काठावर तेव्हा असलेली माणसं उरली नाहीत. आणि गुडघ्याचं म्हणाल, तर वेगानं वाहणारं पाणी वीतभरसुद्धा लागत नाही, १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं. तीस सेंटिमीटरला लहान मोटार वाहून जाते. तिसरीतल्या मुलीचं वजन किती असतं? वीस-बावीस किलो, त्यात ओलं दप्तर. हे त्यांना भांडणाच्या सुरात सांगू नका. ते लांब आहेत, त्यांनाही काळजी आहे, आणि लांबचा माणूस काळजी अशीच बोलून दाखवतो.

आता सभेत काय मागायचं. पालकांच्या नुसत्या सभेत नव्हे, शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्यानं त्या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. तिथे ठराव करून इतिवृत्तात लिहून घेतलेली गोष्ट नंतर बदली होऊन आलेल्या गुरुजींनाही पाळावी लागते.

पहिलं म्हणजे साकवाच्या खांबावर खूण करायची. ऑइलपेंटचा लहान डबा आणा आणि पाणी शांत असताना, उघडीप बघून, कातळावर किंवा जांभ्याच्या खांबावर दोन पट्टे ओढा. खालचा पिवळा, वरचा लाल. पिवळा कुठे ओढायचा ते सासूबाईंसारख्या माणसांना विचारून ठरवा, त्यांनी पन्नास पावसाळे तो व्हाळ पाहिलाय. पाणी पिवळ्याला लागलं की शाळा दोन तास उशिरा. लालला लागलं की त्या दिवशी व्हाळ ओलांडून येणारी मुलं घरी, आणि त्यांची गैरहजेरी लावायची नाही. शाळेकडच्या काठावरची मुलं शाळेत, शाळा चालू. एका वाडीसाठी सगळी शाळा बंद करायचं कारण नाही.

ही खूण बघायची कुणी? व्हाळाला लागून ज्यांचं घर आहे त्यांनी. दोन्ही काठांवर एकेक माणूस ठरवा. शाळा दहाची असेल तर साडेआठला, शनिवारी पावणेसहाला, एक फोन गुरुजींना. फोन लागत नसेल तर? त्यासाठी जुनीच रीत ठेवा: निरोप आला नाही तर दोन तास थांबायचं. गप्प राहिलेला फोन म्हणजे सगळं ठीक, असं कधी धरू नका.

पट्टे असले तरी पाण्याकडे बघायला मुलीला शिकवा, ते कुठल्याच ॲपमध्ये नसतं. वर डोंगरात पडलं की खाली ऊन असतानाही पाणी येतं. येण्याआधी ते सांगून येतं. आधी रंग जातो. मघापर्यंत तळाचे गोटे दिसत होते ते दिसेनासे होतात, पाणी आधी राखाडी आणि मग लाल होतं, जांभ्याची माती उतरते. मग कडेकडेनं फेस येतो, फेसात सुकी पानं, काटक्या, एखादी झावळी. आणि मग आवाज बदलतो. खळखळ जाऊन खालून गोटे एकमेकांवर आपटल्याचा दबका आवाज येतो. तो आवाज ऐकला की साकव कोरडा असला तरी पाय टाकायचा नाही, चढावर परत यायचं. एका रविवारी मुलीला घेऊन काठावरच्या उंच जागी छत्री घेऊन बसा आणि तिला हे दाखवा. मी माझ्या वर्गाला दर जूनमध्ये एकदा न्यायची. पोरांना पाढ्यांपेक्षा लवकर येतं.

मुलाचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्याची वाट एसटीची आहे. इथे नुसती शाळा उशिरा भरवून काही होत नाही. सव्वासहाची गाडी तीच राहिली तर तो शाळेच्या बंद दारापुढे दोन तास भिजत बसेल. म्हणून शाळेनं आगारप्रमुखांना पत्र देऊन हे जून महिन्यातच ठरवून घ्यायला हवं की उशिराच्या दिवशी कुठली गाडी धरायची, आणि तिला थांबा मिळेल की नाही. पुढची गाडी सव्वादहाची असेल तर त्याच्या शाळेला 'दोन तास उशिरा' म्हणण्यात अर्थ नाही, त्या दिवशी गाडीच्या वेळेला धरूनच सत्र लावावं लागेल. एका वर्गातली निम्मी मुलं एसटीची असतात, शाळा ते करू शकते. आणि मुलाला एवढं सांगून ठेवा: मोरीवरून किंवा पुलावरून पाणी जात असेल आणि गाडी थांबवली असेल तर गाडीतच बसायचं, उतरून चालत पुढे जायचं नाही. ड्रायव्हर पाण्यातून घालायला निघाला तर मोठ्यानं 'थांबवा' म्हणायचं, त्यात लाजायचं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल गेला तेव्हा एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. रात्रीच्या काळोखात त्या चालकांना पूल नाहीसा झालेला दिसला नसेल. दिवसा, डोळ्यांसमोर पाणी दिसत असताना तरी कुणी पैज लावू नये.

राहिले ते नऊ खाडे. चुकतंय का, असं तुम्ही विचारलंत. त्या शनिवारनंतरचे एक-दोन चुकले नाहीत. मन घाबरलेलं असताना घेतलेला निर्णय मुलीच्या जिवासाठी होता. पण नऊ जास्त झाले. आभाळ भरून येणं म्हणजे व्हाळ भरून येणं नव्हे, आणि कोकणात जुलैत आभाळ भरलेलं नसतं असा दिवस शोधावा लागतो. तिसरीत भागाकार सुरू होतात, जोडाक्षरं पक्की होतात. दर तीन दिवसांत एक दिवस बुडाला तर ती गोष्ट दुसरीकडे कुठे भरून निघत नाही. आणि मुलगी तुमच्याकडे बघून शिकतेय. पाऊस म्हणजे घरी बसायचं असं तिच्या मनात बसलं, तर पुढची दहा वर्षं ती अर्धी शाळा पावसाला देईल. पट्टे ओढले की हे ओझं तुमच्या एकटीवर राहणार नाही. पिवळ्याच्या खाली पाणी असेल त्या दिवशी तिला पाठवा, तुमच्या पोटात गोळा आला तरी पाठवा. पहिले आठ दिवस साकवापर्यंत सोबत जा.

आणखी एक काम आहे, त्याला ठराव लागत नाही. आमच्या लहानपणी त्याला 'पावसाचं घर' म्हणायचे. व्हाळाच्या शाळेकडच्या काठावर एक घर ठरलेलं असायचं, कुणाच्या आत्याचं, कुणाच्या मावशीचं, नात्यातलं नसलं तर ओळखीचं. परतताना पाणी वर असलं की पोरानं कुणाला विचारायचं नाही, सरळ त्या घरी जायचं, जेवायचं, झोपायचं. घरचे सगळे समजून असायचे. तुमच्या मुलीला असं घर नाही, म्हणून ती काठावर उभी राहिली. शाळेकडच्या बाजूला कोण आहे ते या आठवड्यात ठरवा. त्यांचा फोन नंबर आणि तुमचा नंबर एका कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात शिवून टाका. गुरुजींकडे त्या घराचं नाव लिहून द्या. आणि येत्या रविवारी, ऊन असो पाऊस असो, तिला घेऊन त्या घरी जेवायला जा. जमलं तर एक रात्र ठेवाही. अंथरूण कुठे असतं, दिवा कुठला लागतो, रात्री बाहेर जायची वाट कुठली, हे तिला एकदा माहीत झालं की त्या दुपारी ती पाण्याकडे बघत उभी राहणार नाही, वळून त्या घराकडे चालू लागेल.